संगणकाच्या खिडकीत आपले नाव : पायथन आणि टीकेइंटर यांचा एक अभ्यासपाठ

संगणकावर आता मराठी येते, असे सर्वत्र म्हटले जाते आणि ते खरेही आहे. मोबाइलवर निरोप मराठीत जातात, शासनाचे निर्णय मराठीत वाचावयास मिळतात, सातबारा घरबसल्या दिसतो. परंतु दुसऱ्याने तयार केलेल्या खिडकीत मराठी वाचणे वेगळे आणि आपल्या मुलाने स्वतः आज्ञावली लिहून उघडलेल्या खिडकीत मराठी उमटविणे वेगळे. या दुसऱ्या कामात कोठे अडते, का अडते आणि ते कसे सोडवावे, हे या पाठात मांडण्याचा आमचा विचार आहे. सुटीत अनसिंगला घरी आलेल्या माजी विद्यार्थ्याने जुना डेस्कटॉप पुढ्यात घ्यावा, हा पाठ शेजारी ठेवावा आणि धाकट्या भावंडांस खिडकी उघडून दाखवावी, एवढ्या बेताने तो लिहिला आहे. इतिहास शिकविणाऱ्याने संगणकावर पाठ लिहावा, हे काहींस अनाठायी वाटेल. परंतु लिपी, नोंदवही आणि माणसाचे नाव हे तर इतिहासाचेच विषय होत.

प्रथम संज्ञा. पायथन ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा. ती शिकताना मुले आरंभी काळ्या पडद्यावर ओळी लिहितात आणि उत्तरही ओळीतच वाचतात. बटन, चौकट, यादी, मजकूर लिहावयाची पट्टी असे जे आपण रोज पाहतो, त्यास ग्राफिकल युजर इंटरफेस, संक्षेपाने जीयूआय म्हणतात. हे घटक प्रत्येकाने मुळापासून घडवावयाचे म्हटल्यास जन्म जाईल. म्हणून ते तयार करून ठेवलेल्या संचास टूलकिट म्हणतात. पायथनबरोबर जो संच येतो त्याचे नाव टीकेइंटर. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात जॉन आउस्टरहाउट यांनी टीसीएल नावाची एक छोटी भाषा रचली आणि तिच्यासाठी टीके हा खिडक्यांचा संच केला. त्या टीकेशी पायथनची गाठ घालून देणारा दुवा, म्हणजे टीके-इंटरफेस, तोच टीकेइंटर.

येथे इतिहासाच्या अभ्यासकास एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन प्रथम प्रसृत केले ते फेब्रुवारी १९९१ मध्ये. टीके जगापुढे आला १९९१ मध्येच. लिनक्स, युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे भारतीय मानक, हीही सारी १९९१ ची. ज्या वर्षी आपण गावोगावी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जन्मशताब्दी साजरी करीत होतो, त्याच वर्षी ही साधने जन्मास आली. यात कार्यकारणभाव काही नाही. सनावळी पाठ होण्यास सोपे जाते, इतकेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

विंडोजवर काम तुलनेने सरळ आहे. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्थापक फाइल उतरवून घ्यावी. मात्र आधी आपले यंत्र पाहावे. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकांवर पायथन ३.८ ही शेवटची चालणारी मालिका आहे; ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या तेथे बसत नाहीत. नवी ती चांगली या समजुतीने सर्वांत ताजी फाइल उतरविली तर डेटा खर्ची पडतो आणि हाती काही लागत नाही. यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, हेही आधीच पाहून घ्यावे. स्थापना करताना पहिल्याच पडद्यावर पायथनचा मार्ग ‘पाथ’मध्ये जोडण्याची एक चौकट असते, तीत खूण करावी. पुढे ऐच्छिक बाबींच्या यादीत ‘टीसीएल/टीके आणि आयडल’ अशी एक बाब असते. तिची खूण काढू नये. जागा वाचविण्यासाठी कोणी ती काढून टाकतो आणि मग टीकेइंटर कोठेच सापडत नाही. आयडल हा पायथन लिहिण्याचा छोटा संपादक स्वतःच टीकेइंटरवर उभा आहे. म्हणून आयडल उघडला की टीकेइंटर नांदतो आहे, असे समजण्यास हरकत नाही.

लिनक्सवर गोष्ट थोडी निराळी. परवान्याचा खर्च नाही आणि जुन्या यंत्रांवरही चालते, म्हणून निवासी शाळांना लिनक्स सोयीचे पडते. उबुंटू वा डेबियनवर पायथन आधीपासूनच असते. पण टीकेइंटर बहुधा नसतो. याचे कारण असे की पडदाच नसलेल्या सर्व्हर यंत्रांवर खिडक्यांचे ओझे नको, म्हणून तो भाग वेगळ्या पुडक्यात ठेवला आहे. मुलाने टीकेइंटर आयात करण्याची ओळ लिहिली की ‘नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर’ असे उत्तर येते. पुष्कळजण मग ‘पिप इन्स्टॉल टीकेइंटर’ अशी आज्ञा देतात. ती फुकट जाते, कारण पिपच्या भांडारात हा संच त्या नावाने नाहीच. योग्य आज्ञा अशी : सुडो, एपीटी, इन्स्टॉल आणि त्यापुढे पायथन३ व टीके ही दोन नावे मध्ये आडवी रेघ देऊन जोडून. ज्या संगणकास इंटरनेट नाही, त्यासाठी दुसऱ्या यंत्रावर ही पुडकी उतरवून पेनड्राइव्हने आणावी लागतात. तेव्हा या एका पुडक्याबरोबर टीसीएल, टीके आणि बीएलटी ही सोबतची पुडकीही आणावयाची असतात, हे ध्यानात ठेवावे.

स्थापना झाली की पारख करण्याची एक छोटी आज्ञा आहे : पायथन, मग एक जागा सोडून उणे चिन्ह व एम, पुन्हा जागा सोडून टीकेइंटर. लिनक्सवर पायथनऐवजी पायथन३ असे लिहावे. ही आज्ञा दिली की एक चिमुकली खिडकी उघडते. तीत टीकेची आवृत्ती लिहिलेली असते, दोन बटने असतात आणि एक वाक्य असते, ज्याचा आशय असा की यापुढचे अक्षर सेडिला दिसले पाहिजे. सेडिला म्हणजे फ्रेंच भाषेतील, खाली शेपटी असलेला सी. युरोपातील कर्त्यांनी आपली अक्षरे नीट उमटतात की नाही, हे पाहण्याची तजवीज पहिल्याच खिडकीत करून ठेवली आहे. त्यांनी ते योग्यच केले. पण त्या खिडकीत आपले एकही अक्षर नाही. ती पारख आपली आपणच करावयाची आहे. तीकडे वळण्यापूर्वी पहिली आज्ञावली पाहू.

ती पाच ओळींची होते. पहिल्या ओळीत टीकेइंटर आयात करावा. दुसरीत टीके या वर्गापासून खिडकी निर्माण करावी. तिसरीत लेबल, म्हणजे मजकुराची पाटी, तयार करून तीत आपले नाव लिहावे. चौथीत पॅक ही आज्ञा देऊन ती पाटी खिडकीत बसवावी आणि पाचवीत मेनलूप. ही शेवटची ओळ मुलांना नेहमी निरर्थक वाटते. तीविना खिडकी टिकत नाही, हे अनुभवल्यावरच तिचे महत्त्व पटते. काळ्या पडद्यावरची आज्ञावली वरून खाली धावत जाऊन संपते. खिडकीची आज्ञावली संपून चालत नाही. शाळेच्या घंटेजवळ शिपाईकाका जसे घड्याळाकडे आणि कार्यालयाकडे लक्ष ठेवून बसतात, तसे तिला बसून राहावे लागते. कोणी बटन दाबले, कोणी अक्षर टंकले की उठावयाचे, नेमलेले काम करावयाचे आणि पुन्हा जागेवर येऊन बसावयाचे. मेनलूप म्हणजे हे बसून राहणे.

दोन-तीन अडथळे येथेच सांगून ठेवतो. आपल्या फाइलला टीकेइंटर हेच नाव देऊ नये. पायथन मूळ संच सोडून तुमचीच फाइल आयात करू पाहते आणि मग येणारी चूक भल्याभल्यांस उमगत नाही. बटनास काम नेमून देताना फंक्शनच्या नावापुढे कंस लावू नयेत. लावल्यास बटन दाबण्यापूर्वीच काम उरकते आणि नंतर बटन मुके राहते. एकाच चौकटीत पॅक आणि ग्रिड या दोन मांडण्या मिसळू नयेत. जुन्या पुस्तकांत टीकेइंटरचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत आढळते. ते पायथन २ चे लेखन होय. १ जानेवारी २०२० पासून त्या आवृत्तीची देखभाल थांबली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समजा, पाटीवर ‘सिद्धार्थ’ हे नाव लिहिले. विंडोजवर ते बहुतांशी नीट दिसते, कारण तेथे अक्षरांची जुळणी विंडोज स्वतः करून देते. लिनक्सवर, टीके ८.६ या आवृत्तीत, तेच नाव मोडून पडते. पहिली वेलांटी स च्या आधी येण्याऐवजी स च्या नंतर उभी राहते आणि पुढच्या द ची असल्यासारखी भासते. द्ध हे जोडाक्षर जुळत नाही. द पायमोडका राहतो आणि ध एकटा. रफार थ च्या माथ्यावर चढतच नाही. ‘प्रज्ञा’ लिहावे तर प आणि ज दोघेही हलन्त होऊन वेगळे उभे राहतात. आज्ञावलीत चूक नसते, फॉन्टही जागेवर असतो आणि तरी नाव वाचता येत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आपण उच्चारतो त्या क्रमाने साठविली जाते. ‘सि’ साठविताना आधी स, मग इकार. डोळ्यांना दिसताना मात्र वेलांटी आधी येते. हा फरक कित्येक शतकांचा आहे. सम्राट अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांत इकार हा अक्षराच्या माथ्यावर उजवीकडे काढलेली एक लहान रेघ होता. शतकांच्या ओघात ती रेघ डावीकडे वळली, लांबली आणि खाली उतरत अक्षराच्या पुढे येऊन उभी राहिली. उच्चार जुना राहिला, आकार बदलला. म्हणून साठविलेल्या क्रमावरून दिसणारा आकार घडविण्यास संगणकात एक स्वतंत्र कारागीर लागतो. इंग्रजीला तो फारसा लागत नाही. तिची अक्षरे एकामागे एक ठेवली की काम भागते. आपल्या लिपीत मात्र तो नसेल तर केवळ सुट्या खिळ्यांची रास उरते. मुक्त प्रणालींत हे काम हार्फबझ नावाचा घटक करतो. लिनक्सवरील टीके ८.६ त्याच्याकडे मजकूर सोपवीत नाही. अडचण एवढीच आहे, पण ती मुळातली आहे.

या कारणामुळे आणखी एक गंमत घडते. पायथनला ‘सिद्धार्थ’ या नावाची लांबी विचारली तर ती नऊ असे सांगते. मात्रा, हलन्त चिन्ह आणि व्यंजन ती वेगवेगळे मोजते. आपण मात्र सि, द्धा, र्थ अशी तीन अक्षरे मोजतो. नावासाठी आठच जागा ठेवणाऱ्या आज्ञावलीत या नावाचा अखेरचा थ गळून पडेल.

एका मोडक्या अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. ज्यांनी जुन्या दाखल-खारीज नोंदवह्या चाळल्या आहेत, ते विचारणार नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे तेथे कशी लिहिली आहेत? धोंड्या, कचऱ्या, दगड्या. शेजारच्या ओळीत दुसऱ्या समाजातील मुलाच्या नावापुढे राव किंवा पंत आहे. लेखणी ज्याच्या हाती, त्याने दुसऱ्याचे नाव कसे लिहावे हे ठरविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, प्रज्ञा, विशाखा, संघमित्रा ही नावे आली. ही नावे आपल्या समाजाने जाणीवपूर्वक निवडली आहेत. शिवाय त्यांतील कित्येक जोडाक्षरांची आहेत, म्हणजे नेमकी तीच, जी या खिडकीत मोडतात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि चळवळीने भारतभूषण हा स्वतःचा छापखानाही उभारला. आपला मजकूर आपल्या हाताने जुळविण्याची आस्था आपल्या परंपरेत अशी जुनी आहे.

तेव्हा उपाय काय? विंडोजवर शिकावयाचे असेल तर टीकेइंटर पुरेसा आहे. तेथेच आरंभ करावा. लिनक्सवर खिडक्यांची तत्त्वे शिकविण्यास टीकेइंटर वापरावा, परंतु मराठी नावांची यादी, वसतिगृहाची हजेरी, ग्रंथालयाची नोंद अशी खरी कामे क्यूटी या संचावर करावीत. क्यूटी हा नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीने घडविलेला संच. पायथनमधून तो वापरण्यासाठी पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन दुवे आहेत. क्यूटी आपला मजकूर हार्फबझकडे सोपवितो, म्हणून सिद्धार्थ सिद्धार्थच दिसतो. पिपने तो बसविता येतो. मात्र तो टीकेइंटरच्या मानाने बराच मोठा आहे, म्हणून मोबाइलच्या डेटावर उतरविताना एकदाच उतरवून फाइल जपून ठेवावी आणि बाकी यंत्रांवर तीच बसवावी. क्यूटी ६.५ पासून पुढे लिनक्सवर खिडकी न उघडता ‘एक्ससीबी प्लगइन’ सापडत नाही अशी तक्रार येऊ शकते. त्यावर लिबएक्ससीबी-कर्सर० हे छोटे पुडके एपीटीने घातले की प्रश्न मिटतो. किवी हा संच मोबाइलसाठी लोकप्रिय आहे, परंतु त्याच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीची हीच गत होते. मराठीच्या कामासाठी आम्ही तो सुचविणार नाही.

टीकेइंटर हा केवळ मुलांचा खेळ, असाही ग्रह करून घेऊ नये. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी वैज्ञानिक आकृत्या त्रिमितीत दाखविणारी ‘मायावी’ नावाची आज्ञावली पायथनमध्ये रचली. ती आज जगभर वापरली जाते. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या खिडक्या टीकेइंटरवरच उभ्या होत्या. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. मुलांनी ते पाहावेत.

फॉन्टबद्दल थोडे. विंडोजवर अनेक वर्षे दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. लिनक्सवरील ‘लोहित’ची मुळे पुण्यात आहेत, रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली प्रसृत केला. अनेक फॉन्टांत ल आणि श यांची वळणे हिंदी धर्तीची असतात. मराठी शाळेच्या खिडकीत मराठी वळणाचे ल आणि श असावेत, असा आमचा आग्रह आहे. पण तो हट्ट नव्हे. जुन्या याद्या मात्र वेगळे दुखणे देतात. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी चिन्हांचीच माळ असतो. तो कोणत्याही संचात चिकटविला तरी अगम्य चिन्हेच दिसतात. तेथे टीकेइंटरचा दोष नाही आणि क्यूटीचाही इलाज नाही. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच घ्यावा लागतो.

खिडकीवरील बटनांची भाषा हाही विचाराचा विषय. पायथनच्या मूळ आज्ञा इंग्रजी आहेत, त्या तशाच शिकाव्यात. परंतु बटनावर ‘सेव्ह’ लिहावे की ‘जतन करा’, हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बांधावे, अशी विनंती केली. तथागतांनी ती नाकारली आणि ते स्वतःच्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, याविषयी भाष्यकारांत आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. बुद्धघोषांनी त्याचा अर्थ मागधी असा लावला. आम्हांस शिकणाऱ्याची बोली हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. खिडकीसमोर बसणारी व्यक्ती वसतिगृहाच्या अधीक्षिका असोत वा सातवीतील मुलगी, बटन तिला वाचता आले पाहिजे.

खिडकीतील मजकूर फाइलमध्ये जतन करताना विंडोजवर एक अडथळा हमखास येतो. फाइल उघडण्याच्या आज्ञेत एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. अन्यथा बहुतेक आवृत्त्यांत मराठी अक्षर येताच आज्ञावली थांबते. तीच यादी पुढे एक्सेलमध्ये उघडावयाची असल्यास यूटीएफ-८-सिग असे लिहावे, म्हणजे नावांच्या जागी विचित्र चिन्हे येत नाहीत.

यानंतर सेडिलाच्या जागी आपली पारख घ्यावी. आम्ही मुलांना सहा शब्द देतो : सिद्धार्थ, प्रज्ञा, संघमित्रा, विश्वजित, धम्मचक्र, कऱ्हाड. पहिल्यात वेलांटी आणि रफार, दुसऱ्यात ज्ञ, तिसऱ्यात त्र. चौथ्यात श्व हे जोडाक्षर आणि ज च्या आधी येणारी वेलांटी दोन्ही तपासावीत. पाचव्यात म्म आणि क्र. सहाव्यातील ऱ्ह हा खास मराठीचा. तो चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ने लिहिला जातो आणि पुष्कळ फॉन्ट येथेच अडखळतात. आधी हे सहाही शब्द पाटीवर दाखवावेत. मग तेच टंकण्याच्या पट्टीत इन्स्क्रिप्ट कळफलकाने टंकावेत, मधले एक अक्षर खोडावे आणि पुन्हा घालावे, कारण दाखविताना नीट असलेली अक्षरे खोडताना बिघडू शकतात. शेवटी फाइल जतन करून, संगणक बंद करून, पुन्हा उघडून वाचावी.